सांदवाडीतल्या पाखरांचा रंग फोटोत येत नाही: कारण शोधायचं कसं

डोळ्यांनी पाहिलेला निळाजांभळा शिंजीर फोटोत कोळशाच्या खड्यासारखा येतो. हळद्या म्हणजे नुसता पिवळा डाग, त्यात एक पीस वेगळं दिसत नाही. खंड्याच्या पाठीवरचा निळा चुलीतल्या राखेच्या वळणावर जातो. एकदा झालं तर माणूस सोडून देतो. पण तेच दर मोसमात, त्याच जागी, त्याच पाखराच्या बाबतीत होत असेल तर कारणही तिथंच कुठंतरी ठाण मांडून बसलेलं असतं. ते एकेक करून कसं हुडकायचं, हे मला जसं कळत गेलं तसं लिहितो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरामागं सांदवाडी, म्हणजे परसबाग आहे: शेवग्याची दोन झाडं, केळी, जास्वंद, पपई, कोपऱ्यात जुनी बोर. कुंपणापलीकडं धानाच्या बांध्या, त्यांच्या पुढं मामा (माजी मालगुजारी) तलाव. अशा जागी पाखरं शोधत हिंडावं लागत नाही, मागच्या छपरीत बसलं तरी पुरतं. शेवगा फुलला की शिंजीर येतात, बोरीवर बुलबुल आणि तांबट, विहिरीच्या रहाटावर खंड्या, तारेवर वेडे राघू. माझ्याकडं जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ३०० मिमीची लेन्स आहे. तीन वर्षं मी फोटो काढले आणि तिन्ही वर्षं शिंजीर काळाच आला. एका संध्याकाळी माय कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावली आणि म्हणाली, "काऊन रे, पाखरू त् निळंभोर होतं. तुह्या फोटोत कावळ्यावानी काऊन दिसते?" तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळलं की कॅमेरा ठीक होता. माझी बसायची जागा चुकत होती.

आधी बिघाडाचा प्रकार ओळखा

रंग चार तऱ्हांनी जातो आणि चारांची कारणं वेगळी आहेत. फोटो पूर्ण मोठा करा आणि पाखराच्या छातीवर किंवा गळ्यावर थांबा. पिसांच्या रेषा दिसतात पण रंगाच्या जागी काळं-तपकिरी आहे, तर दोष प्रकाशाच्या दिशेत किंवा कॅमेऱ्याच्या मोजणीत आहे. रंग आहे पण रेषा गायब, जणू रंग वरून ओतलाय, तर उजेड जास्त घेतला गेला. पाखरासकट सगळ्या फोटोवर दुधाची साय पसरल्यासारखी वाटते, तर हवा, धूळ किंवा लेन्सची काच तपासायची. पाखराच्या अंगावरचा पांढरा भागच हिरवट वा निळसर दिसतो, तर शेजारच्या एखाद्या वस्तूचा रंग त्याच्यावर सांडतोय.

हे न ओळखता थेट कॅमेऱ्याची सेटिंगं फिरवायला गेलं की एक दोष जातो आणि दुसरा येतो. माझे सर्वांत जास्त फोटो पहिल्या प्रकारानं वाया गेले, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

पाखरू काळं येतं

देवघरातलं मोरपीस हातात घ्या. खिडकीकडं पाठ करून उभे राहा, म्हणजे उजेड तुमच्या मागून पिसावर पडेल. डोळा निळाहिरवा झळकतो. आता खिडकीकडं तोंड करा आणि तेच पीस उजेडाच्या आड धरा. निळा गेला, हिरवा गेला, तपकिरी-काळं पीस हातात राहिलं. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे. तो करण्याआधी फोटोबद्दलचा कोणताही सल्ला वाचू नये, इतकं त्याचं मोल मला वाटतं.

मोरपिसात निळं रंगद्रव्य नसतंच. मेलॅनिन नावाचं काळपट द्रव्य अतिशय बारीक कांड्यांच्या रूपात अशा नेमक्या अंतरांवर मांडलेलं असतं की पडलेल्या पांढऱ्या उजेडातला ठरावीक रंग तेवढा उठून परत फिरतो. उजेड पिसाच्या समोरून पडला की हा खेळ चालतो. पिसामागून आला की डोळ्यांकडं परतणारा रंग उरत नाही आणि दिसतं ते मेलॅनिन. शिंजीराच्या गळ्याची झळाळी याच जातीची. खंड्या आणि नीलकंठ यांच्या निळ्यामागं थोडी वेगळी रचना असते: पिसाच्या आत केराटिनची (नखं-केस ज्याचे बनतात ते द्रव्य), स्पंजासारखी सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेली. म्हणून त्यांचा निळा मोरासारखा डोकं हलवलं की बदलत नाही. पण मागून उजेड आला की तोही विझतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नीलकंठाच्याच पिसांवर काम करून १९३४ साली पक्ष्यांच्या रंगांविषयी शोधनिबंध लिहिला होता. हे रामन तरुणपणी अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, हे कळल्यापासून दसऱ्याला नीलकंठ दिसला की मला त्यांची आठवण होते.

हळद्याचं तसं नाही. त्याचा पिवळा हे खरंखुरं रंगद्रव्य, अन्नातून अंगात उतरलेलं. मागून ऊन आलं तर केळीचं कोवळं पान जसं उजळतं तसा तो पिवळाच राहतो. तांबटाच्या कपाळावरचा लाल असाच. पोपटाच्या हिरव्यात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, पिवळं रंगद्रव्य आणि निळी रचना. यातून कामाची गोष्ट एवढीच निघते की निळं, जांभळं किंवा झळाळतं हिरवं पाखरू असेल तर सूर्य आपल्या पाठीशी हवा, त्यात तडजोड नाही. पिवळ्या-लाल पाखरांच्या बाबतीत थोडी मोकळीक मिळते.

आता आपली सांदवाडी कुठल्या दिशेला आहे ते बघा. आमची घराच्या पश्चिमेला आहे. मी संध्याकाळी कामं आटोपून, चहा घेऊन छपरीत बसायचो आणि समोर बघायचो. समोर म्हणजे पश्चिमेला, मावळत्या सूर्याकडं. शिंजीर शेवग्याच्या शेंड्यावर आणि सूर्य त्याच्या पाठीमागं. तीन वर्षांचे काळे फोटो त्यातच आले.

सकाळी सूर्य घरामागून, म्हणजे माझ्या पाठीशी उगवतो, ते बरोबर. पण मग घराचीच सावली सांदवाडीवर पडते. आमचं कवेलूचं घर आढ्यापर्यंत साधारण १२ फूट आहे. सूर्य ३० अंश वर आला तरी त्याची सावली जवळजवळ २१ फूट लांब पडते, ४५ अंशांवर १२ फूट. म्हणून सकाळी पहिलं ऊन कुंपणाजवळच्या टोकाला लागतं आणि तिथून हळूहळू घराकडं सरकतं. जानेवारीत आमच्याकडं सव्वानऊच्या सुमारास सूर्य ३० अंश वर येतो, एप्रिलमध्ये आठ वाजताच. एका सुट्टीच्या दिवशी मी चुन्यानं दर अर्ध्या तासाला सावलीची कड आखून ठेवली. पाण्याचं खापर जिथं ठेवलं होतं, ती न्हाणीजवळची जागा दहापर्यंत सावलीतच होती. खापर, पाखरांनी बसायची फांदी, सगळं कुंपणाच्या टोकाकडं हलवलं आणि त्याच आठवड्यात शिंजीराचा गळा पहिल्यांदा जांभळा आला.

सांदवाडी पूर्वेला असेल तर हेच उलट करायचं, दुपारी चारनंतर घराकडं पाठ करून बसायचं. दक्षिणेला असेल तर हिवाळाभर ऊन मिळतं, पण सूर्य दक्षिणेकडून कलून येत असल्यामुळं घरातून बघितलं की तो समोर येतो. तिथं कुंपणाकडून घराकडं तोंड करून बसावं लागतं, ते जरा गैरसोयीचं आहे. उत्तरेच्या सांदवाडीत डिसेंबरात भिंतीलगत ऊन पोचतच नाही. मे-जूनमध्ये मात्र सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडं उगवत असल्यानं सकाळी तिथं छान तिरपा उजेड येतो. मे महिन्याच्या शेवटी दुपारी सूर्य नागपूर-चंद्रपूर भागात थेट डोक्यावर असतो. तेव्हा पाठीवर ऊन आणि पोटाखाली काळोख असेच फोटो येणार, त्या वेळी कॅमेरा बाहेर काढूच नये.

अंतराचाही हिशेब करावा लागतो. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. माझ्या लेन्सनं २५ फुटांवरून तो चौकटीच्या रुंदीचा सहावा हिस्सा व्यापतो, १२ फुटांवरून तिसरा. म्हणून छपरीतून उठून सांदवाडीच्या मध्यावर यावं लागलं. धान ठेवायचा जुना तट्टा अर्धगोल उभा केला, त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं, आत एक पाट टाकला. पहिले चार दिवस पाखरं बिचकली, पाचव्या दिवशी बुलबुल तट्ट्यावरच येऊन बसला.

दिशा बरोबर असूनही शिंजीराच्या दहा फोटोंत आठ काळे निघतात, त्याला घाबरू नका. त्याची झळाळी मान एका विशिष्ट कोनात वळली की क्षणभर पेटते. शेंड्यावर बसून तो गातो तेव्हा मान सारखी इकडंतिकडं फिरवतो, त्या वेळी लागोपाठ फोटो घ्यायचे आणि नंतर निवडायचे. त्याला थेट ऊन लागतं. खंड्याला पातळ ढगांतून आलेला उजेडही मानवतो, किंबहुना त्याच्या छातीवरचा पांढरा त्या उजेडात जास्त चांगला येतो.

सूर्य पाठीशी, तरी पाखरू काळं

मग कॅमेऱ्याची उजेडाची मोजणी फसतेय. समोर जे आहे ते सरासरीनं मध्यम करडं असेल असं धरून कॅमेरा उजेड ठरवतो. तारेवरच्या वेड्या राघूमागं नऊ हिस्से पांढरं आकाश आणि एक हिस्सा पाखरू असलं की तो आकाशाला करडं करायला जातो आणि पाखरू काळोखात बुडतं.

उपाय कॅमेऱ्यावरच्या अधिक-उणे खुणेच्या बटणात आहे, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. मागं आकाश असेल तर अधिक १ पासून सुरुवात करा, ढगाळ पांढऱ्या आकाशाला अधिक २ पर्यंत जावं लागतं. मोबाइलमध्ये पाखरावर बोट ठेवलं की सूर्याची खूण येते, ती वर सरकवायची. आकाश फटक पांढरं होईल, होऊ द्या. आपल्याला पाखरू हवंय.

मला मात्र याहून बरा वाटतो तो जागेचा उपाय. डोळ्यांच्या पातळीवर फांदी रोवली की मागं आकाश येतच नाही, केळीची पानं किंवा बांध्यांतला धान येतो आणि मोजणी आपोआप सुधारते. मी बोरीची पाच फुटी फांदी रोवतो, काटे जरा तासून. मागची हिरवळ फांदीपासून किमान १५ फूट लांब हवी. त्याहून जवळ असली की पानंच स्पष्ट दिसू लागतात आणि पाखराचा रंग त्यांत हरवतो.

पिवळा जळतो, केशरी वितळतो

हा हळद्याचा आणि पळसाचा आजार. फाल्गुनात पळस पेटला की भोरड्यांचे थवे, साळुंक्या, पोपट, शिंजीर सगळे त्यावर उतरतात. फोटो घ्यायला जावं तर फुलांच्या जागी केशरी चिखल दिसतो. फुलाच्या मखमलीवर जी बारीक लव असते ती नाही, पाकळीची घडी नाही.

कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकतीही (सेन्सर) फसवते ती अशी. प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन मापांतून बनतो. पिवळ्यात लाल आणि हिरवं दोन्ही वर असतात, निळं खाली. पळसाच्या केशरीत तर लाल एकटंच टोकाला गेलेलं असतं. तिघांची सरासरी काढली तर उजेड बरोबर भासतो, आणि त्याच वेळी लालची वाटी भरून सांडलेली असते. सांडलेलं परत मिळत नाही. म्हणून एकाच पांढऱ्या डोंगराचा हिस्टोग्राम (फोटोत कुठला उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख) बघू नका. तीन रंगांचे वेगळे डोंगर दाखवायची सोय बहुतेक डीएसएलआरमध्ये असते, ती चालू करा. लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की उणे करत जा. माझा हळद्या उणे दोन तृतीयांशवर येतो, पळसावरचं पाखरू कधी उणे १ वर. सकाळच्या सोनेरी उन्हात मुळातच लालसरपणा असतो, तेव्हा आणखी जपावं.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यात 'व्हिव्हिड' नावाची जी गडद रंगांची तऱ्हा असते ती बंद करा. रंग कमी येतात म्हणून माणूस तीच निवडतो आणि जळण्याचं प्रमाण वाढतं. मी साधी तऱ्हा ठेवतो आणि रॉ फाइल घेतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःची कलाकुसर न केलेली फाइल. तिच्यात सावलीतला रंग नंतर वर काढायला बराच वाव राहतो. एकाच वेळी जेपेग, म्हणजे नेहमीची तयार फोटो-फाइलही घ्यावी, घरच्यांना लगेच दाखवता येते.

पांढरा हिरवट दिसतो

हे कोडं मला सर्वांत उशिरा सुटलं. एका उन्हाळ्यात खंड्याचा पांढरा गळा हिरवट येऊ लागला, दयाळाच्या पंखावरची पांढरी पट्टीही. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवायची सोय) बदलला, ढगाळचा केला, उन्हाचा केला. रंग थोडा हलला पण हिरवटपणा गेला नाही. मग एका दुपारी फांदीजवळ कोरा कागद धरला आणि कागदच हिरवा दिसला. वर बघितलं तर मिरचीच्या रोपांवर बांधलेली हिरवी जाळी. उन्हाचा झोत त्या जाळीतून गाळून पाखरावर पडत होता.

निळी ताडपत्री, गोठ्यावर टाकलेली पन्नी, ताजी रंगवलेली भिंत, सगळ्यांचा असाच परिणाम होतो. कोरा कागद पाखराच्या जागी धरून डोळ्यांनी बघणं ही सर्वांत स्वस्त तपासणी. कागद रंगीत दिसला तर फांदी हलवा. हलवणं शक्यच नसेल तर त्या कागदाचा फोटो घेऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स बसवता येतो. पण वरून हिरवं आणि बाजूनं साधं असा मिश्र उजेड असेल तर तेही पूर्ण जमत नाही. केळीच्या दाट पानांखाली हेच होतं. पाखरू तिथंच बसत असेल तर थोडा हिरवटपणा राहू द्यावा, तो तिथला खरा उजेड आहे.

सगळ्यावर साय

एप्रिल-मेमधली साय बहुतेक वेळा गरम हवेची असते. नऊ वाजले की तापलेल्या जमिनीवरून आणि टिनावरून हवा थरथरत वर चढते. त्या थरथरीतून घेतलेल्या फोटोत पिसांच्या कडा विरघळतात आणि रंगही एकमेकांत मिसळून फिके होतात. लेन्स कितीही भारी असली तरी इलाज नाही. पाखराच्या जवळ जाणं आणि पहाटे लवकर बसणं, एवढंच हाती आहे. मेमध्ये आमच्याकडं साडेपाचच्या सुमारास सूर्य निघतो, साडेआठला मी तट्टा सोडतो.

यातच एक फसवी जागा आहे, कूलरची खोली. आत गारवा, बाहेर ४४ अंश, आणि आपण उघड्या खिडकीत लेन्स ठेवून फोटो काढतो. थंड आणि गरम हवा नेमकी त्या खिडकीतच घुसळत असते, म्हणजे थरथरणारा पडदा आपण स्वतःच लेन्सपुढं टांगलेला असतो. खिडकीला डासांची जाळी असेल तर तिचीही साय पडते. बाहेर सावलीत बसणं त्रासाचं आहे, पण फोटो तिथूनच येतो.

हवा थंड असतानाही साय दिसत असेल तर लेन्स बघा. धानाची मळणी चालू असताना भुशाची बारीक धूळ काचेवर बसते. ती आधी फुग्यानं उडवायची, मगच मऊ कापड लावायचं. अंधारात लेन्सच्या एका टोकाकडून बॅटरी मारून दुसऱ्या टोकातून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आमच्याकडच्या पावसाळ्यात कापडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. मी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दाण्यांसोबत ठेवतो. दाण्यांनी रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर परत कोरडे करतो. तांदळात ठेवायची पद्धत आमच्या धानाच्या मुलखात बरीच आहे, पण तांदळाचं पीठ लेन्सच्या सांध्यांत शिरतं, ते टाळा. बुरशी आत गेली असेल तर स्वतः खोलू नका.

पहाटेच्या अंधूक उजेडात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा त्याचं माप) ६४०० पर्यंत गेलं की दाणेदारपणाबरोबर रंगही मरतो. वीस मिनिटं थांबून आयएसओ ८०० वर फोटो घेतला तर तोच बुलबुल वेगळा दिसतो. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, शांत बसलेल्या पाखराला १/५०० ही पुरतं. त्यात फार गुंतायचं कारण नाही.

मोबाइलवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण गावात बहुतेकांकडं तोच आहे. बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र म्हणजे खऱ्या पिसांच्या जागी फोननं अंदाजानं भरलेला रंग. झूम सोडून फोनच पाखराजवळ न्यावा. खापरापासून दोन फुटांवर विटांच्या आधारानं फोन उभा करा, तारेचा इअरफोन लांब जोडा आणि त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो घ्या. बऱ्याच फोनमध्ये हे बटण शटरचं काम करतं. पाखरांना फोनची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. माझ्या पुतण्यानं असाच काढलेला लालबुड्या बुलबुलाचा फोटो माझ्या लेन्सच्या फोटोइतकाच जिवंत आहे.

कधी पाखरूच तसं असतं

पावसाळ्यानंतर शिंजीराचा नर झळाळता पोशाख उतरवतो. मग तो मादीसारखा वरून मळकट, खालून पिवळट दिसतो, गळ्यापासून पोटाकडं फक्त एक काळसर पट्टी राहते. त्या दिवसांत जांभळा शोधूनही सापडणार नाही. माघ-फाल्गुनात तो पुन्हा रंगतो. हळद्याची मादी हिरवटसर असते. स्वर्गीय नर्तकाचा तरुण नर तांबूस असतो, पांढरा पोशाख नंतर येतो. नीलकंठ बसलेला असला की बराचसा तपकिरीच दिसतो, पंख उघडले की निळ्याच्या दोन छटा बाहेर पडतात, म्हणून त्याचा फोटो उडी घेण्याच्या क्षणीच घ्यावा लागतो. तो आधी शरीर पुढं झुकवतो, ती खूण. सेटिंगला दोष देण्याआधी पाखराचं वय, लिंग आणि महिना तपासा.

पाखराला योग्य जागी बोलावणं

वरचे सगळे उपाय पाखरू आपण ठरवलेल्या जागी आलं तरच चालतात. धान्य टाकलं तर होले, चिमण्या, साळुंक्या येतात. रंगीत पाखरं बहुतेक किडे, फळं, मध खाणारी, त्यांना पाणी जास्त ओढतं. फुटक्या माठाचा बूड घ्या, दोन इंचांपेक्षा जास्त पाणी नको, मध्ये एक खरबरीत दगड ठेवा. वर झाडाला गळती टांगा, महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशी. थेंब पडल्याचा आवाज आणि थरथरणारं पाणी दोन्ही पाखरांना लांबून कळतं. माझ्याकडं नुसत्या भरलेल्या खापरापेक्षा गळतीखालच्या खापरावर कितीतरी जास्त पाखरं उतरतात. पाणी रोज बदला, साचलेल्या पाण्यात डास होतात. मांजराला दबा धरता येईल असं झुडूप सहा फुटांच्या आत नको.

घरट्याजवळ फोटो काढू नका. आई-बाप चारा घेऊन येतात, आपल्याला बघून अडतात, आणि तेवढ्यात पिल्लं उन्हात उपाशी राहतात. जागा उघडी पडली की कावळा आणि भारद्वाज ती हेरतात. फांद्या बाजूला सारून घरट्यावर उजेड आणणं तर फारच वाईट, मे महिन्याच्या उन्हात सावली गेलेलं पिल्लू वाचत नाही. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलावणंही मी करत नाही. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत आला, आणि तो खाणं सोडून भांडायला धावतो.

एक पाखरू अजून माझ्या हिशेबात पूर्ण बसलेलं नाही, ते म्हणजे नवरंग. पावसाच्या तोंडावर तो येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला शीळ घालतो आणि बोरीखालच्या पाचोळ्यात उड्या मारत किडे उलथतो. तिथं ऊन पोचत नाही, सूर्य पाठीशी घ्यायचा तर सूर्यच ढगात. फ्लॅश मला वापरायचा नाही. गेल्या मोसमात लक्षात आलं की तो दोन उड्यांच्या मध्ये सेकंदभर अगदी दगडासारखा थांबतो. त्या थांबण्यावर, कॅमेरा पाटावर घट्ट टेकवून, १/६० सेकंदानं घेतलेल्या फोटोंपैकी दोनांत शेपटीखालचा लाल आणि खांद्यावरचा निळा उतरला. यंदा बोरीच्या पश्चिमेकडच्या दोन खालच्या फांद्या मी वैशाखातच छाटल्या आहेत, म्हणजे संध्याकाळचा ढगाळ उजेड आतपर्यंत जाईल. मृग लागला की बघू.